पैसे मिळतात, मग बांगलादेशाची तक्रार काय?

प्रश्न : म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांसाठी जगभरातून मदत जाते, तरी बांगलादेश 'जबाबदारी वाटून घ्या' म्हणतच राहतो. पैसे मिळत असताना आणखी काय वाटायचं? आणि माणसं ज्या देशात आली त्यानेच ती सांभाळावीत, यात चूक काय? – एक वाचक, घणसोली

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशातल्या कॉक्स बाझारच्या छावण्यांत पोचले, ते बांगलादेशाने बोलावलं म्हणून नव्हे. पळता येईल एवढ्या अंतरावर तोच देश होता. जगातले सुमारे तीनचतुर्थांश निर्वासित आज गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत, तेही याच कारणाने. शेजार कुणी निवडून घेतलेला नसतो, मग सगळा भार शेजाऱ्यावरच का?

१९५१च्या निर्वासित करारात एक ठाम बंधन आहे : जिवाला धोका असेल तिथे माणसाला परत ढकलायचं नाही. पण कुणी किती भार उचलायचा, याचं बंधन त्यात नाही. (भारत आणि बांगलादेश दोघांनीही या करारावर सही केलेली नाही.) २०१८च्या निर्वासितांविषयीच्या जागतिक करारात भार वाटून घेण्याची भाषा आली, पण तोही कायद्याने बांधत नाही. म्हणून मदत ऐच्छिक राहते, दरवर्षी नव्याने मागावी लागते. २०२३मध्ये पैसा आटला तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाने छावणीतलं माणशी महिन्याचं रेशन १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ डॉलरवर आणलं. म्हणजे दिवसाला साधारण बावीस रुपये. ठाणे स्टेशनाबाहेर तेवढ्यात वडापाव आणि कटिंग दोन्ही येत नाहीत, आणि इथे दिवसभराच्या जेवणाचा प्रश्न आहे.

१९७१ साली आपण हेच भोगलं आहे. पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास लोक आले. परदेशी मदत आली, पण खर्चाचा मोठा भाग आपल्याच अंगावर पडला. तेव्हा पत्रावर पाच पैशांचं जादा 'निर्वासित साहाय्य' तिकीट लावावं लागे. आमच्या घरी ते डकवायचं काम माझ्याकडे असे.

आता 'आणखी काय वाटायचं?' मी कोपरीत राहते. शेजारच्या सिंधी आजी फाळणीनंतर कराचीहून आगबोटीने आल्या. कल्याणजवळच्या लष्करी बराकीत दोन कुटुंबांमध्ये गोणपाटाचा पडदा असे. एका बाजूला बाळंतीण, दुसऱ्या बाजूला विकायचे पापड लाटणं चालू, असं त्या सांगतात. त्या बराकींचं उल्हासनगर झालं, ते रेशनवर नव्हे. ती माणसं या देशाची नागरिक होती. गाळा टाकायला, नोकरी धरायला, मत द्यायला त्यांना कुणी अडवलं नाही. रोहिंग्यांना बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या आहेत, पण रीतसर नोकरीधंद्याची परवानगी नाही. यात बांगलादेशाचाही दोष आहे, आणि तो मी झाकणार नाही. मात्र स्थानिक मजुरांची रोजी पडेल ही तिथली भीतीही खरी आहे.

म्हणूनच श्रीमंत देशांनी दोन गोष्टी द्यायला हव्यात. एक, माणसं घेणं. दरवर्षी जगातल्या निर्वासितांपैकी एक टक्काही तिसऱ्या देशात वसवले जात नाहीत. हा आकडा मला लाजिरवाणा वाटतो. दुसरी, बाजार. २०१६मध्ये युरोपीय संघाने जॉर्डनच्या मालासाठी नियम सैल केले आणि जॉर्डनने सीरियन निर्वासितांना कामाचे परवाने दिले. अंमलबजावणी रखडत झाली, तरी देवाणघेवाण स्पष्ट होती. संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीत असल्याने बांगलादेशी कपड्यांना युरोपीय संघात जकात लागत नाही. त्या यादीतून देश बाहेर पडला की ही सवलत कायम राहणार नाही. ती लांबवून द्यायची आणि बदल्यात छावणीतल्या तरुणांना कामाचे परवाने मागायचे, असा सौदा युरोपने ढाक्यापुढे ठेवावा.