आईने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नाची पत्रिका उघडली, आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की ओळखीच्या दूधवाल्याच्या नंबरवरून आईला 'लग्नपत्रिका.एपीके' आली, तिने ती उघडली, पत्रिका काही दिसली नाही. पैसे अजून गेलेले नाहीत.

आधी आईच्या फोनचा डेटा आणि वाय-फाय बंद करा. सिम काढून घरातल्या एखाद्या बटणांच्या साध्या फोनमध्ये घाला. मग पुढचं वाचा.

सिम काढायचं कारण असं की एपीके म्हणजे फोटो नव्हे, पीडीएफही नव्हे, ते अख्खं अ‍ॅप असतं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वाचायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही! हे अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर भामट्याकडे पाठवतं. सिम दुसरीकडे गेलं की ओटीपी त्याच्या हाती लागत नाही.

माझ्या आत्याच्या बाबतीत हेच झालं. तुळशीचं लग्न उरकलं की तिच्या फोनवर पत्रिकांचा पाऊस असतो. तिने सगळ्याला 'अलाऊ' केलं होतं. मी आल्या आल्या तिच्यावर ओरडलो आणि तिथेच चुकलो. त्या अ‍ॅपने पत्ता पडताळायच्या नावाखाली कार्डाचा नंबर आणि पिन मागितला होता, तिने तो दिलाही होता, पण घाबरून हे तिने मला अर्ध्या तासाने सांगितलं. तेवढ्यात अकरा हजार गेले. तेव्हा आईला शांतपणे विचारा, कुठे काय टाईप केलं होतंस?

मग तुमच्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला (नंबर कार्डाच्या मागे असतो, गूगलवर शोधू नका) सांगून कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय बंद करून घ्या. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घातलेल्या नियमानुसार ग्राहकाने स्वतः पिन दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच काही हाती लागतं.

अ‍ॅप नुसतं काढून माझं समाधान झालं नसतं. काही अ‍ॅप्स आपलं चिन्ह लपवतात, काही डिव्हाइस अ‍ॅडमिन (म्हणजे फोनवर खास अधिकार असलेलं अ‍ॅप) होऊन बसतात आणि अनइन्स्टॉल होतच नाहीत. फोटो उतरवून घ्या आणि फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा कोरा करा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून.

आणि दूधवाल्याला फोन करा, मेसेज नको. पत्रिका त्याने पाठवलेलीच नसेल. त्याचं व्हॉट्सअ‍ॅप सध्या दुसराच कोणीतरी वापरतोय आणि त्याचं खातं एव्हाना रिकामं होत असेल.