आजीची पेटी आणि माझी चित्रं

प्रश्न : मी हौस म्हणून पेंटिंग करते. आजी गेल्यावर तिची पेटी माझ्याकडे आली, त्यात जुने फोटो, पत्रं आणि अर्धवट राहिलेलं भरतकाम आहे. त्यावर सिरीज करायला घेतली पण सगळी चित्रं फोटोची कॉपी वाटतात, माझं असं त्यात काहीच येत नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी फोटो बाजूला ठेवा. फोटोत आजी दिसते, पण तिचा हात कसा चालायचा ते नाही दिसत आणि तुम्हाला खरं तर तेच हवंय. ते भरतकाम घ्या आणि उलटं करा. मागच्या बाजूला धागा कुठून कुठे गेलाय, गाठी कुठे आल्यात, कुठे उसवून परत टाके घातलेत, सगळं कळतं. तेवढाच एक तुकडा भलामोठा करून कागदावर काढून बघा, आणि हो, ते भरतकाम प्लीज पूर्ण करायला जाऊ नका.

लुईस बूर्ज्वा ही शिल्पकार मला यासाठी फार आवडते. तिच्या घरी भिंतीवरचे जुने विणलेले चित्रपडदे दुरुस्त करायचा व्यवसाय होता, पडद्यांची खालची कड झिजलेली असायची म्हणून चित्रातल्या माणसांचे पायच गायब, मग ते पाय कागदावर रेखाटून द्यायचं काम लहानग्या लुईसकडे. पण आईवर शिल्प करायचं म्हटल्यावर तिने आईचा चेहरा नाही केला, १९९९ मध्ये नऊ मीटरहून उंच, जाळं विणणारी आठ पायांची कोळीण उभी केली, कारण आई विणकामातली! पुढे नव्वदीत स्वतःच्या लग्नातले टॉवेल घेऊन कापडाचं पुस्तकसुद्धा केलं.

आजीच्या बरोबरीचं कुणी घरात असेल तर त्यांच्याकडून तो टाका शिकून घ्या, नुसतं विचारू नका, शेजारी बसून घाला. फेथ रिंगगोल्ड या अमेरिकन चित्रकर्तीने १९८० मध्ये तिची पहिली गोधडी आईसोबतच केली होती, आणि पुढे गोधडीवर चित्रं आणि गोष्टी ही तिची ओळखच झाली.

पत्रांचं मात्र जरा जपून. त्यात ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते हयात असतील तर आधी विचारा, नको म्हणाले तर मजकूर सोडा आणि फक्त आजीच्या अक्षराचं वळण घ्या, ती रेघ कशी ओढायची, शाई कुठे दाटायची, एवढ्यावरही चार चित्रं सहज होतील.