मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनसाठी घरी इंधन मिसळताना एरंडेल चालेल का, की सिंथेटिक तेलच घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की लोखंडी पिस्टनचं जुनं ३५ चं (०.३५ घनइंचाचं) ग्लो इंजिन, म्हणजे मेथॅनॉलवर चालणारं मॉडेल विमानाचं छोटं इंजिन, हाती आलंय, बडोद्यात दिवेल, म्हणजे एरंडेल, कुठेही मिळतं, पण मैदानावरचे जाणकार म्हणतात एरंडेलाचा जमाना गेला. हे वाक्य मी १९९४ साली ऐकलंय आणि ते ऐकून एक इंजिन गमावलंय, म्हणून लिहायला बसलो.

एरंडेल घ्या. आता का ते सांगतो.

आम्ही दांडिया बाजारात राहायचो. मे महिन्यात आई वर्षाचे गहू भरायची. गच्चीवर चादरींवर गहू पसरलेले, आई आणि काकू दोन्ही तळव्यांना दिवेल चोळून मूठमूठ गहू घोळवत बसायच्या. संध्याकाळपर्यंत दोघींचे हात कोपरापर्यंत चकाकत असायचे आणि घरभर तो जडसर वास. त्या वर्षी गहू भरून अर्धी बाटली उरली. माझ्याकडे तेव्हा एन्या या जपानी कंपनीचं ३५ होतं, मर्चंट नेव्हीतल्या मामांनी जपानहून आणलेलं. मी मेथॅनॉलमध्ये ते दिवेल मापाने एकाला चार मिसळलं, रात्रभर काचेच्या बाटलीत ठेवलं. सकाळी बाटली काचेसारखी स्वच्छ. ती घेऊन रविवारी माळावर गेलो.

तिथे आमच्यातले सगळ्यात अनुभवी एक गृहस्थ होते. सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांनी बाटलीचं बूच उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, "अरे, हे गव्हाला लावायचं तेल. इंजिनात घालतोस?" सगळे हसले. मी एकोणीस वर्षांचा. त्यांनी माझी बाटली बाजूला ठेवायला लावली आणि स्वतःच्या कॅनमधलं इंधन माझ्या टाकीत भरलं. त्यात १८ टक्के तेल, सगळंच्या सगळं सिंथेटिक. मी काहीच बोललो नाही.

विमान कंट्रोल लाइनचं होतं, म्हणजे तारांनी हातात धरून आपल्याभोवती गोल उडवायचं, साठ फुटी तारा. ज्यांनी ते उडवलंय त्यांना ठाऊक आहे की त्यात सहसा थ्रॉटल नसतो. हातात हँडल असतं, इंजिनाचा आवाज कानावर पडत असतो, आणि टाकी संपेपर्यंत तुम्ही त्याला काहीही करू शकत नाही. आठ-दहा फेऱ्या झाल्या आणि आवाज चढायला लागला. आधी भरडा होता तो पातळ झाला, मग शिट्टीसारखा. इंजिन लीन झालंय, म्हणजे त्याला इंधन कमी आणि हवा जास्त मिळतेय, हे मला कळत होतं आणि मी गोल गोल फिरत होतो. मग एकदम शांतता. विमान गवतात उतरलं. प्रोपेलर हाताने फिरेना. पंधरा मिनिटांनी गार झाल्यावर फिरला, पण कॉम्प्रेशन गेलेलं होतं. बोट लावलं की नुसता गरगर फिरायचा.

घरी बॅकप्लेट उघडली, पिस्टन काढला. एका बाजूला वरपासून खालपर्यंत करड्या उभ्या रेघा, त्यांत नख अडकत होतं. कॉनरॉडचं खालचं टोक काळवंडलेलं. मामांना हे कसं सांगायचं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

सरांचं म्हणणं, नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, तू चुकवलीस. नीडल चुकली नव्हती. पत्र्याची टाकी बादलीत बुडवून फुंकली तेव्हा आतल्या नळीच्या झाळलेल्या जोडातून बुडबुडे आले. तिथून हवा शिरत होती. ते दाखवलं तर म्हणाले, मग कुठल्याही तेलावर इंजिन बसलंच असतं.

नसतं बसलं. हे मी ठामपणे म्हणतो, कारण दोन वर्षांनी अगदी तसंच माझ्या दुसऱ्या एन्यावर झालं. त्यात २२ टक्के तेल होतं, सगळं एरंडेल. फिल्टरमध्ये कचरा अडकला, इंजिन लीन होऊन उरलेली टाकी किंचाळत संपवली. ग्लो प्लगची तार जळून गेली. पिस्टन काढला तर तो आटवलेल्या गुळाच्या रंगाचा झालेला, वर कडक थर, मेथॅनॉलच्या बोळ्यानेही सुटेना. तो थर काढल्यावर खाली धातू गुळगुळीत. एकही रेघ नाही. ते इंजिन आजही चालतं. मी ते सरांकडे घेऊन गेलो होतो, त्यांनी हातात घेतलं नाही.

कारण साधं आहे. सिंथेटिक तेल ठराविक तापमानापर्यंत उत्तम काम करतं, त्यापुढे त्याचा थर जळून जातो आणि धातूला धातू लागतो. एरंडेलात जवळपास ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं. त्याच्या रेणूतला हायड्रॉक्सिल गट धातूला चिकटून राहतो, आणि तापलं की एरंडेल उडून न जाता घट्ट होत जातं. इंजिन लीन होतं त्या वाईट मिनिटभरात नेमकं हेच लागतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनं एरंडेलावरच चालायची, कारण ते पेट्रोलमध्ये नीट विरघळत नाही आणि धुऊन जात नाही. कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टरवरून आलं. एफएआयच्या (हवाई क्रीडांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांत वेगाच्या कंट्रोल लाइन स्पर्धेला आजही ८० टक्के मेथॅनॉल, २० टक्के एरंडेल असंच इंधन आहे. जमाना गेला म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

आता बाजारातलं दिवेल. सुटं घेऊ नका, त्यात दुसरं खाद्यतेल मिसळलेलं असू शकतं. सीलबंद औषधी प्रतीचं किंवा तेलाच्या व्यापाऱ्याकडे एफएसजी (फर्स्ट स्पेशल ग्रेड) म्हणून मिळतं ते शुद्ध केलेलं घ्या. तरीही परीक्षा करा: काचेच्या बाटलीत ८० मिली मेथॅनॉल, २० मिली तेल, जोरात हलवा, रात्रभर ठेवा. शुद्ध एरंडेल मेथॅनॉलमध्ये पूर्ण विरघळतं, दुसरी खाद्यतेलं तशी विरघळत नाहीत. तळाशी थर दिसला किंवा गढूळ राहिलं तर ते तेल गव्हालाच लावा. स्कूटरचं टू-टी तेल तर अजिबात नको, ते खनिज तेल आहे, मेथॅनॉलपासून सरळ वेगळं होतं. तुमच्या टाकीत वर एक आणि खाली एक असे दोन थर होतील आणि इंजिनाला कधी नुसतं मेथॅनॉल मिळेल.

माप आकारमानाने घ्या, वजनाने नाही. एक लिटरला ८०० मिली मेथॅनॉल म्हणजे साधारण ६३४ ग्रॅम, आणि २०० मिली एरंडेल म्हणजे साधारण १९२ ग्रॅम. तराजूवर २० टक्के मोजलंत तर मापाने ते जेमतेम १७ टक्के भरतं. तुमच्या लोखंडी पिस्टनच्या, साध्या बुशच्या (बॉल बेअरिंग नसलेल्या) इंजिनाला सुरुवातीला रुळवताना २५ टक्के तेल ठेवा, सगळं एरंडेल. पाच-सहा टाक्या रिच, म्हणजे इंधन जास्त ठेवून, चालवल्यावर २२ वर या. ताकद वाढवायला इंधनात घालतात ते नायट्रोमिथेन आपल्याकडे मिळवायचा खटाटोप नको. त्याशिवाय आयडल, म्हणजे मंद वेगावर चालणं, थोडा रुसतो, पण कंट्रोल लाइनला आयडल लागतोच कुठे. ग्लो प्लग जरा गरम प्रकारचा घ्या.

एक मात्र खरं, आणि सरांचंही यात थोडं बरोबर होतं: नुसत्या एरंडेलाने आत तपकिरी वार्निश चढतं, ज्या इंजिनांच्या पिस्टनला कड्या असतात त्या चिकटतात, आणि महिनाभर पडून राहिलं तर इंजिन गोंद लावल्यासारखं जाम होतं. तो थर काढायला गाडीच्या कूलंटमध्ये मंद गरम करतात, पण स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, कूलंट विषारी असतं. नव्या एबीसी इंजिनाला, म्हणजे क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन, अर्धं एरंडेल अर्धं सिंथेटिक पुरतं, एकूण तेल १८ ते २० टक्के. फोर-स्ट्रोकसाठीही तसंच, जरा कमी. माझा वाद नुसत्या सिंथेटिकशी आहे, सिंथेटिक थोडंसं घालण्याशी नाही.

मेथॅनॉलबद्दल शेवटचं. ते कागदपत्रं देऊन रीतसर परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. २०२२ च्या बोटादच्या लठ्ठाकांडानंतर (मेथॅनॉलच्या विषारी दारूने माणसं दगावली होती) गुजरातेत कोणी सहज देत नाही, आणि ते बरोबरच आहे. कातडीतूनही ते शरीरात जातं, हातमोजे घाला. भर उन्हात त्याची ज्वाळा दिसत नाही, म्हणून मिसळताना जवळपास काही पेटतं नको. कॅन गच्च बंद आणि शक्यतो भरलेला ठेवा, हवेतलं पाणी ते शोषून घेतं.

बाटलीची परीक्षा आज रात्रीच करा, आणि सकाळी थर दिसला की नाही ते इथे लिहा. कुठल्या दुकानाचं तेल ते मला खासगीत सांगितलंत तरी चालेल.