घरच्या साध्या इन्व्हर्टरला सोलर पॅनल जोडायचं आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की गावाकडे रोज तीन-चार तास वीज जाते, घरात 12 व्होल्टचा साधा इन्व्हर्टर आणि 150 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) ट्युब्युलर बॅटरी आहे, आणि त्यालाच सोलर जोडायचं आहे. बॅटरी चांगली असेल तर नवा सेट घेऊ नका, जुन्यावरच काम भागतं. फक्त पॅनल घ्यायच्या आधी घरातले पंखे बघा.

जुना सीलिंग फॅन साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) फॅन 30 च्या आसपास. दोन पंखे आठ तास चालले तर एकीकडे 1200 वॅट-तास, दुसरीकडे 480. एवढ्या फरकासाठी पॅनल आणि बॅटरी दोन्ही वाढवावी लागते, त्यापेक्षा पंखे बदलणं स्वस्त पडतं. आता पूर्ण हिशोब: पंखे 480, 9 वॅटचे चार बल्ब पाच तास म्हणजे 180, राउटर दिवसभर 240. झाले 900. बॅटरी, इन्व्हर्टर, वायर, धूळ, ऊन यांत मिळून चाळीस टक्के जातात असं धरा, म्हणजे पॅनलकडून रोज 1500 हवेत. आपल्याकडे उघडीप असताना दिवसाचे सुमारे पाच तास पूर्ण ताकदीचं ऊन धरतात. 1500 भागिले 5, म्हणजे 300 वॅट. 165 वॅटचे दोन पॅनल घ्या. फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर यात बसत नाही. ती मेन्सवरच, म्हणजे लाइनच्या विजेवरच ठेवा.

बॅटरीही पुरते. 150 एएच गुणिले 12 म्हणजे 1800 वॅट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे. रोज त्याहून खाली उतरवली की ट्युब्युलरचं आयुष्य झपाट्याने घटतं.

पैसे खरे वाया जातात ते चार्ज कंट्रोलरमध्ये, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्यात. तो दोन प्रकारचा मिळतो, पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचतो. 330 वॅटचा मोठा पॅनल 37 व्होल्टला 9 अँपिअर देतो. पीडब्ल्यूएम लावला तर 13 व्होल्ट गुणिले 9, म्हणजे 117 वॅटच हाती येतात. एमपीपीटी तेच 37 व्होल्ट खाली उतरवून अँपिअर वाढवतो. तुम्ही 30 अँपिअरचा एमपीपीटी घ्या, पॅनलकडून किमान 60 व्होल्ट सोसणारा. बाजारात एमपीपीटीचं लेबल लावलेले पीडब्ल्यूएम सर्रास मिळतात. ओळखायचं असं: बॅटरी अर्धी रिकामी असताना भर उन्हात मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) कंट्रोलरच्या पॅनलच्या टर्मिनलवर धरा. तिथे बॅटरीएवढेच 13 व्होल्ट दिसले तर परत करा.

दोन्ही पॅनल सिरीजमध्ये जोडा, म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला. पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) केले तर वायरमधून 18 अँपिअर वाहतात, आणि गच्चीपासून बॅटरीपर्यंत 20 मीटर अंतर असेल तर 4 स्क्वेअर एमएमच्या वायरमध्येही साडेतीन व्होल्टच्या आसपास गळतात. सिरीजमध्ये ही गळती निम्मी होते, आणि व्होल्टेज दुप्पट असल्याने ती जाणवतही नाही. पॅनलच्या वायरी जोडणारे एमसी4 कनेक्टर 'टक' वाजेपर्यंत दाबा. अर्धवट बसलेला तापून वितळतो. जोडून झाल्यावर वायरच्या टोकांना मीटर लावा. 44 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. 22 दिसले तर दुसरा पॅनल साखळीत आलेलाच नाही, आणि शून्य दिसलं तर कुठेतरी जोड सुटलाय.

पॅनलच्या वायरवर डीसीचा एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) लावा, घरच्या बोर्डातला एसीचा चालत नाही. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसी येत नाही, ठिणगी जळत राहते. कंट्रोलर ते बॅटरी 6 स्क्वेअर एमएमची वायर, एक मीटरच्या आत, आणि बॅटरीच्या प्लसजवळ 30 अँपिअरचा फ्यूज. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, काढताना उलटं.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, 18 ते 20 अंश कलता. पत्र्यावर असेल तर खाली चार-सहा इंच हवा खेळू द्या, कारण तापला की पॅनल कमी देतो. टाकीची किंवा नारळाची सावली पॅनलमधल्या सेलच्या एका ओळीवर पडली तरी उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं. फ्रेमला अर्थिंग हवंच.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. साधा इन्व्हर्टर मेन्स आली की बॅटरी लगेच भरून टाकतो. सकाळी ऊन येतं तेव्हा बॅटरी फुल्ल, आणि पॅनल नुसता उभा. म्हणून सोलर मॅनेजमेंट युनिट मधे घाला. बॅटरीत दम असेपर्यंत ते मेन्स तोडून ठेवतं आणि व्होल्टेज पडलं की परत जोडतं. ते नको असेल तर सकाळी इन्व्हर्टरच्या मेन्सचा स्विच हाताने बंद करा, इन्व्हर्टर चालूच ठेवा, आणि संध्याकाळी स्विच परत लावा. पावसाळ्यात मात्र मेन्स चार्जिंग चालू ठेवावंच लागतं, ढगाळ दिवशी पॅनलकडून तिसरा हिस्साही मिळत नाही.

अनुदानाचं विचारलंय. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेली पीएम सूर्यघर योजना 3 किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत देते, पण ती ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेल्या (ऑनग्रीड) सोलरसाठी. साधं ऑनग्रीड सोलर वीज गेली की स्वतःही बंद पडतं, खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. तुमची अडचण वीज जाण्याची आहे, त्यामुळे हा बॅटरीचाच मार्ग धरा.