किती कपॅसिटर चालू होते?

सांगली, रविवार रात्र

चि.,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडकुंडीला आली होतीस, म्हणून मी फार बोललो नाही. प्रबंधाच्या सिम्युलेशनमध्ये, संगणकावरच्या मॉडेलमध्ये, सगळं छान येतंय, बाबांच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये काहीच जुळत नाही, सबमिशनला नऊ आठवडे उरलेत, आणि ‘सर, विषय बदलू का?’ असा तुझा प्रश्न. बदलायचा नाही. अक्षता हातात आल्यावर मुहूर्त बदलत नाहीत.

तू पाठवलेली शीट आज दुपारी जेवण झाल्यावर उघडली ती संध्याकाळच्या चहापर्यंत पाहत बसलो. चाळीस रीडिंग. तारीख आहे, वेळ आहे, तिन्ही फेजचे व्होल्टेज, करंट, टीएचडी (५० हर्ट्झच्या मूळ लाटेत हार्मोनिकची, म्हणजे तिच्या पटीतल्या लाटांची, किती टक्के भेसळ आहे ते), सगळं व्यवस्थित. व्होल्टेजचा टीएचडी मात्र एका मिनिटाला ४ टक्के आणि वीस मिनिटांनी ९ टक्के. माग तेवढेच चालू, मोटारींचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह तेवढेच चालू. त्या ९ समोर तू लाल अक्षरात लिहिलं आहेस, ‘मीटर एरर?’

मीटरला शिव्या देण्याआधी मला एक सांग. त्या मिनिटाला पॅनेलमधले किती कपॅसिटर चालू होते?

तो रकाना तुझ्या शीटमध्ये नाही. बाबांच्या शेडमध्ये एपीएफसी पॅनेल आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर आपोआप जोडणारं, १५ केव्हीएआरच्या (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक) तीन पायऱ्या, हे तूच मला सांगितलंस. रिले आपल्या मनाने त्या लावतो आणि काढतो. तुझ्या सिम्युलेशनमध्ये मात्र ४५ केव्हीएआर कायमचे जोडलेले आहेत. म्हणजे मॉडेल एका शेडचं आणि रीडिंग पायरीगणिक बदलणाऱ्या चार शेडची.

आता एक वही घे आणि हातानेच गणित कर, संगणक नको. तुमचा ट्रान्सफॉर्मर १०० केव्हीए, नेमप्लेटवर इंपिडन्स साडेचार टक्के. म्हणजे शॉर्टसर्किट क्षमता १०० भागिले ०.०४५, साधारण २२२२ केव्हीए. तिला चालू असलेल्या केव्हीएआरने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं, की रेझोनन्स, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरची जोडी ज्या सुरावर सर्वात जास्त झुलते तो, कितव्या हार्मोनिकपाशी बसतो ते कळतं. एक पायरी चालू असेल तर उत्तर येतं १२.२. दोन असतील तर ८.६. तिन्ही असतील तर ७.०३.

आणि तुमच्या आठ रेपिअर मागांवरचे ड्राइव्ह म्हणजे लाईनकडून सहा पल्सचे रेक्टिफायर, एसीचा डीसी करणारे. ते काय सोडतात? पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा. सातवा! तिसरी पायरी लागली की ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून नेमका त्याच हार्मोनिकला झोका देतात. दोन पायऱ्यांवर रेझोनन्स ८.६ ला, तिथे तुझ्या ड्राइव्हचं कोणीच राहत नाही, म्हणून शेड शांत.

हा माझा अंदाज आहे, निकाल नव्हे. मी वरच्या लाईनचा इंपिडन्स धरलेला नाही. तो धरलास की तिन्ही आकडे थोडे खाली सरकतील. जुन्या चाळीस मागांच्या मोटारी रेझोनन्सचा जोर मोडतात, तेही यात नाही. पण तुझ्या हातात आता एक प्रश्न आहे, आणि तो तुझ्या बाबांचा आहे. दिवाळीत तुमच्याकडे आलो होतो तेव्हा त्यांनी फुगलेल्या कपॅसिटरचे डबे दाखवून मला विचारलं होतं, ‘हे दर वर्षी का फुगतात?’ तुझ्या मंजूर झालेल्या शीर्षकात ‘यंत्रमाग उद्योगातील पॉवर क्वालिटीचा सर्वंकष अभ्यास’ असं काहीतरी आहे. सर्वंकष शब्द आजच्या आज काढ. इचलकरंजीत शेडची कमी नाही आणि तुझ्याकडे दिवस आहेत त्रेसष्ट. एक शेड, एक पॅनेल, तीन पायऱ्या. ऑनर्सचे क्रेडिट पदवीच्या वरचे असतात, त्यामुळे विषयही डोंगराएवढा हवा असं मुलांना वाटतं. परीक्षकाला मात्र नीट धरलेला एक खडा पुरतो.

आता पुढच्या आठवड्यात काय करायचं ते. रिले ऑटोवरून मॅन्युअलवर घे. शून्य, एक, दोन, तीन अशा चार स्थिती, प्रत्येकीत दहा मिनिटं रेकॉर्डिंग. क्रम दर वेळी चढता ठेवू नकोस, चिठ्ठ्या टाकून ठरव. नाहीतर सकाळ ते दुपार लोड बदलत जाईल आणि तू ते कपॅसिटरच्या खात्यावर मांडशील. असं तीन वेगवेगळ्या दिवशी. बंद केलेली पायरी लगेच परत लावायची नाही, आतला चार्ज उतरायला वेळ लागतो. आणि प्रत्येक रीडिंगपुढे किती माग चालू, किती ड्राइव्ह चालू, कोणती पायरी, कोणतं मीटर, कोणती रेंज. माग जुळवणाऱ्या जॉबरमामांना विश्वासात घे. कोणता माग धागा तुटून थांबला आणि कोणता बीम संपून, हे त्यांना न बघता आवाजावरून कळतं. तुझ्या ॲनालायझरला ते कधीच कळणार नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझ्या स्वतःच्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण मी फेकून दिलेलं आहे. कॉलेजातला क्लँपमीटर होता, पिवळा, सगळे त्याच्याशी भांडत. तीन महिने त्याने रेक्टिफायर लोडचे करंट मोजले. कॉपरचं नुकसान हिशोबापेक्षा कमी येतंय म्हणून मी मनातल्या मनात खूश. काहीतरी शोध लागला असं वाटलं. मग एका लॅब असिस्टंटने मीटर उलटा करून मागची पट्टी वाचायला लावली. तो मीटर सरासरी मोजायचा आणि तिला १.११ ने गुणून आरएमएस, म्हणजे तार तापवणारं खरं मूल्य, म्हणून दाखवायचा. साइन वेव्हला ते अगदी बरोबर. पण रेक्टिफायरचा करंट म्हणजे उंच, अरुंद सुळके. तिथे असा मीटर खऱ्या १० अँपिअरला सहा-सात सांगतो. करंटच कमी मोजलेला, मग नुकसान कमी येणारच. तीन महिन्यांची वही रद्दीत. आजही कोणी आकडा सांगितला की मी आधी मीटरचं मॉडेल विचारतो. बायकोचं बीपी मोजतानासुद्धा, ती चिडते.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. तू म्हणालीस की कॉलेजचा स्कोप आणून ड्राइव्हचा वेव्हफॉर्म बघणार आहेस. साध्या प्रोबचा ग्राउंड क्लिप स्कोपच्या बॉडीतून थेट अर्थला जोडलेला असतो. तो फेजला लावलास की तो शॉर्टसर्किट आहे, मोजमाप नव्हे. माझ्यासमोर एका मुलाने तो लावला होता. टाचणी पडल्याएवढा आवाज झाला, मग निळा जाळ, आणि क्लिपच्या जागी काळा मणी. नशीब, हात मागे होता. डिफरन्शियल प्रोब मिळाला तरच वेव्हफॉर्म बघ. नाही मिळाला तर ॲनालायझरवर समाधान मान. स्कोपच्या अर्थची पिन कापून ‘फ्लोटिंग’ करायची युक्ती कोणी शिकवेल, त्याला माझ्याकडे पाठव. आणि बाहेरचे सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) वापरशील तर सेकंडरी उघडी टाकायची नाही, हे दुसऱ्या वर्षाला पाठ केलं होतंस, आता पाळायचं आहे.

बाकी चुका लहान आहेत. तू ड्राइव्हच्या तोंडाशी करंटचा टीएचडी ७८ टक्के मोजलास आणि पुढे लिहिलंस ‘आयईईई ५१९ च्या ८ टक्के मर्यादेचा भंग’. हार्मोनिकच्या त्या मानकातले ८ टक्के व्होल्टेजचे आहेत, १ केव्हीपर्यंतच्या सप्लायसाठी, आणि तेही जिथे तुम्ही आणि इतर ग्राहक एका लाईनला जोडले जाता त्या बिंदूवर. एकेका ड्राइव्हच्या तोंडाशी नाही. करंटसाठी तिथे टीडीडी पाहतात. त्यात हार्मोनिकचे अँपिअर त्या क्षणाच्या करंटशी नाही, तर कमाल मागणीच्या करंटशी ताडतात. कारण साधं आहे. रात्री दोनच माग चालू असतील तर टक्का भला मोठा दिसतो, अँपिअर मात्र चिमूटभर. हा घोळ व्हायवात पहिल्या पाच मिनिटांत सापडतो.

तुझं सिम्युलेशन रात्रभर चालतं म्हणालीस. चालणारच. तू आठ ड्राइव्हचे आठ इन्व्हर्टर (डीसीचा पुन्हा एसी करणारे), त्यांचं १० किलोहर्ट्झचं स्विचिंग, पुढे मोटारी, सगळं मांडलं आहेस आणि टाइमस्टेप ठेवली आहे ५० मायक्रोसेकंद. १० किलोहर्ट्झच्या एका आवर्तनाला १०० मायक्रोसेकंद, म्हणजे एका स्विचिंगला तुझे दोनच ठिपके. त्यातून येणारा वेव्हफॉर्म म्हणजे रांगोळीचे ठिपके न जोडता ‘मोर झाला’ म्हणण्यासारखं. पण मुळात इन्व्हर्टर हवाच कशाला? लाईनकडून बघणाऱ्याला दिसतो फक्त रेक्टिफायर आणि त्यामागचा डीसी कपॅसिटर. पुढचं सगळं काढ, जागी तेवढी पॉवर घेणारा रोध ठेव. काही मिनिटांत रन संपेल आणि पायऱ्या बदलून वीस वेळा चालवता येईल. एफएफटी, म्हणजे लाटेतले हार्मोनिक वेगळे काढायचं गणित, करताना पूर्ण दहा सायकल घे, म्हणजे ५० हर्ट्झला २०० मिलिसेकंद. आयईसीच्या मानक पद्धतीतही खिडकी तेवढीच असते. अर्धवट सायकल घेतलीस तर एका हार्मोनिकची शाई शेजारच्या रकान्यात पसरते, आणि मग तू नसलेल्या सहाव्या हार्मोनिकवर पानभर चर्चा करशील.

लिटरेचर रिव्ह्यूत बासष्ट पेपर आहेत. त्यातले किती वाचलेस ते मी विचारत नाही. जे तीन हाताने सोडवून दाखवू शकशील ते पुढे घे, बाकीच्यांना एकेक ओळ. जमलं तर फोर्टेस्क्यूचा १९१८ चा पेपर चाळ, सिमेट्रिकल कंपोनंट्सचा, म्हणजे तीन फेज समतोल गटांत फोडण्याचा. लांबलचक आहे, सगळा वाचू नकोस. पण पाचवा हार्मोनिक मोटारीत उलटा फिरवायला का बघतो, सातवा सुलटा का, आणि तिसरा न्यूट्रलमध्ये का जमा होतो, हे तिथल्या पायावर उभं आहे. परीक्षकाने विचारलं तर इंटरनेटवरचं वाक्य म्हणण्यापेक्षा तीन बाण काढून दाखव.

लिहायला आजपासून बस. प्रस्तावना नको, ती सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा आलेख काढ: आडव्या रेषेवर पायऱ्या, उभ्यावर पाचवा आणि सातवा हार्मोनिक, तीन दिवसांचे ठिपके वेगवेगळ्या खुणांनी. तो आलेख अजून रिकामा असला तरी चालेल. खाली चार ओळी लिही की काय दिसेल असं तुला वाटतं. रीडिंग आली आणि त्या ओळी खोट्या ठरल्या तर त्या खोडू नकोस. ‘अपेक्षा अशी होती, आढळलं असं’ हेच तुझं सगळ्यात वाचनीय पान होईल. सातवा उसळलाच नाही तर? तर नाही उसळला. मग मोटारींनी किती दाबला ते शोध. प्रबंध त्याने बुडत नाही.

उपायाचं प्रकरण मात्र आखूड ठेव. सात टक्क्यांचा डिट्यून्ड रिॲक्टर (कपॅसिटरच्या मालिकेत बसणारी कॉइल) लावला की कपॅसिटरच्या शाखेचा सूर १८९ हर्ट्झला, म्हणजे पाचव्याच्याही खाली जातो, आणि पाचवा, सातवा दोन्ही सुटतात. हे सिम्युलेशनमध्ये दाखव, खर्चाचं एक कोटेशन जोड. बाबांना आणखी स्वस्त उत्तर हवं असेल: तिसरी पायरी बंद ठेवली तर पॉवर फॅक्टर किती घसरतो आणि बिलात किती फरक पडतो, तेवढा हिशोब मांड. खर्चीवर, म्हणजे मजुरीने, माग चालवणाऱ्याला कापडाच्या मीटरमागे महिन्याला किती पडतं हे कळतं, टीएचडी कळत नाही.

गाईडबाईंना ‘मॅडम, कसं वाटतंय?’ असा मेसेज पाठवू नकोस. त्यांच्याकडे तुझ्यासारखे आणखी सहा जण असतील. दर सोमवारी एक पान: या आठवड्यात काय मोजलं, एक आलेख, आणि एकच प्रश्न, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असेल. उत्तर येईल.

मी येत्या शनिवारी सकाळी साडेसातच्या एसटीने येतो. शिफ्ट चालू असतानाच पहिली फेरी घेऊ. बाबांना सांग, पॅनेलची किल्ली आणि रिलेचं मॅन्युअल काढून ठेवा. रबरी तळाचे बूट घाल, चपला नकोत. केस बांध, ओढणी घरी ठेव. आणि त्या लाल अक्षरातल्या ‘मीटर एरर?’ वर रेघ मार, पण वाचता येईल अशी.

तुझा,
सर