चोर, सेनापती आणि राजद्रोही : कोलोकोत्रोनिस

प्रश्न : ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी थिओडोरोस कोलोकोत्रोनिस हा पूर्वायुष्यात दरोडेखोर होता, असे वाचनात आले. हे खरे असेल तर त्याला राष्ट्रवीर का मानतात? आणि ज्या ग्रीससाठी तो लढला, त्याच ग्रीसने त्याला देहदंड कसा सुनावला? (एक वाचक)

उत्तर : होय, सरकारच्या लेखी तो दरोडेखोर होता आणि ही गोष्ट लपवावी असे त्याला स्वतःला कधी वाटले नाही. ऑटोमन अमलात डोंगरांचा आश्रय घेऊन लूटमार करणाऱ्या टोळ्यांना ‘क्लेफ्ट’ म्हणत. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘चोर’ असाच आहे. त्यांच्या लुटीतून ग्रीक शेतकरीही सुटत नसत. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी सरकार आणि गावोगावचे धनाढ्य ग्रीक पुढारी सशस्त्र पहारेकरी नेमत, पण या कामाला लायक माणसे बहुधा त्या टोळ्यांतच मिळत. त्यामुळे आजचा पहारेकरी मालकाची मर्जी फिरताच उद्या डोंगरात जाई, आणि कोलोकोत्रोनिसने ही दोन्ही कामे केली.

त्याचा जन्म 1770 मध्ये पेलोपोनीस या ग्रीसच्या दक्षिणेकडील द्वीपकल्पात झाला. तो दहा वर्षांचा असताना त्याचे वडील तुर्कांशी लढताना मारले गेले. 1806 मध्ये सुलतानाच्या फर्मानाला ऑर्थोडॉक्स धर्मपीठाच्या बहिष्काराची जोड मिळाली आणि क्लेफ्टांची सर्वत्र शिकार सुरू झाली. ज्या खेड्यांनी एरवी भाकर आणि बातमी पुरवली, त्यांची दारे बंद झाली. त्याचा भाऊ यानिस एम्यालोनच्या मठात वेढला जाऊन मारला गेला आणि तो स्वतः झाकिंथोस बेटावर निसटला. पुढे हे बेट इंग्रजांकडे आल्यावर त्यांच्या ग्रीक पलटणीत तो मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढला. माझ्या मते त्याच्या आयुष्याला खरे वळण इथे मिळाले, कारण डोंगरातल्या माणसाला शिस्तबद्ध सैन्य कसे चालते हे इथेच आतून पाहायला मिळाले.

1821 च्या जानेवारीत, वयाच्या पन्नाशीत, तो मानी प्रांतात परतला. त्याच वर्षी स्वातंत्र्ययुद्ध पेटले. शरद ऋतूत तुर्कांच्या ताब्यातले त्रिपोलित्सा शहर ग्रीकांच्या हाती पडले आणि शहरातील मुसलमान व ज्यू रहिवाशांची, बायकामुलांसकट, भीषण कत्तल झाली. वेशीपासून राजवाड्यापर्यंत आपल्या घोड्याचा पाय जमिनीला लागला नाही, असे त्याने पुढे आठवणींत सांगितले. बाजारातल्या एका चिनार वृक्षावर पूर्वी ग्रीकांना फाशी देत. तो त्याला दाखवला गेला, तेव्हा आपल्या किती आप्तांचा जीव इथे गेला असेल या विचाराने त्याने सुस्कारा टाकला आणि झाड तोडायला लावले. या दोन्ही आठवणी त्याच्याच आहेत. त्याचा गौरव करताना पहिली गाळून केवळ दुसरी सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

सेनापती म्हणून त्याची योग्यता 1822 च्या जुलैत दिसली. ऑटोमन सेनापती द्रामाली पाशा मोठे सैन्य घेऊन आर्गोसच्या मैदानात उतरला, तेव्हा कोलोकोत्रोनिसने समोरासमोरची लढाई टाळली. त्याने पिके जाळायला लावली, डोंगरवाटा धरल्या, आणि उन्हातान्हात उपाशी राहिलेले ते सैन्य कोरिंथकडे मागे फिरू लागताच देर्वेनाकियाच्या अरुंद खिंडीत त्याचा धुव्वा उडवला. क्लेफ्टाची जुनीच विद्या त्याने इथे सैन्याच्या प्रमाणावर वापरली.

आता देहदंडाविषयी. डोंगरी सरदार, जमीनदार पुढारी आणि बेटांवरील जहाजमालक यांच्यात युद्ध चालू असतानाच यादवी माजली. तिच्यात त्याचा मुलगा पानोस मारला गेला आणि तो स्वतः इद्रा बेटावर कैदेत पडला. 1825 मध्ये सुलतानाच्या बाजूने इब्राहिम पाशाच्या इजिप्शियन फौजा पेलोपोनीसमध्ये उतरल्यावर त्याला सोडून सैन्य हाती देणे ग्रीक सरकारला भाग पडले. स्वातंत्र्यानंतर बव्हेरियातून आलेल्या अल्पवयीन राजा ओथोनच्या नावे कारभार पाहणाऱ्या राजप्रतिनिधी मंडळाला मात्र असा सरदार धोकादायक वाटला, कारण त्याच्या शब्दावर माणसे शस्त्र उचलत. 1834 मध्ये नाफ्प्लिओ येथे राजद्रोहाचा खटला चालला. पाच न्यायाधीशांपैकी पोलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस यांनी देहदंडाच्या निकालावर सही करण्यास ठाम नकार दिला, तेव्हा संगिनधारी शिपायांकरवी त्यांना खेचत न्यायासनावर आणण्यात आले. तरीही त्यांनी सही केली नाही. शिक्षा पुढे कारावासात बदलली गेली आणि 1835 मध्ये राजा सज्ञान झाल्यावर त्याला माफी मिळाली.

आपण ज्या आठवणींचा आधार घेतो त्या कोलोकोत्रोनिसने 1836 मध्ये तोंडी सांगितल्या, आणि समोर बसून त्या उतरवून घेणारा लेखनिक म्हणजे सही नाकारणारा तोच तेर्त्सेतिस होता.