‘अश्लील’मधली हरवलेली श्री

‘अश्लील श्रीमंती’ असं एका लेखात वाचलं; ‘अश्लील’ हे विशेषण पैशाला लावता येतं का, असा प्रश्न आला आहे.

आधी एक सांगून टाकतो. ‘ली’ दीर्घ. ‘अश्लिल’ नव्हे, आणि ‘अश्शील’ तर नव्हेच! चारचौघांत उच्चारू नये ते अश्लील, हा अर्थ कुठल्याही कोशात मिळेल. त्यावर वेळ घालवत नाही.

‘शील नाही ते अश्लील’ असं छातीठोकपणे सांगणारे मास्तर मलाही भेटले होते. मग मधला ‘ल’ काय वाटेत चिकटला? या शब्दाचा शीलाशी काडीचा संबंध नाही. संबंध आहे तो ‘श्री’शी. जुनं रूप ‘अश्रीर’. ऋग्वेदाच्या ६व्या मंडलात २८वं सूक्त गायींचं आहे. तिथे ऋषी म्हणतो, गायींनो, तुम्ही रोडक्याला पुष्ट करता, ‘अश्रीर’ असेल त्यालाही देखणं करता. म्हणजे अश्रीर कोण, तर अंगावर तेज नसलेला बिचारा माणूस! ‘र’चा ‘ल’ होणं संस्कृतात रोजचंच: रोम-लोम, रोहित-लोहित, शुक्र-शुक्ल. तसंच अश्रीर-अश्लील.

पुढे काव्यशास्त्रवाल्यांनी त्याला दोषांच्या यादीत बसवलं. ११व्या शतकातला मम्मट तीन प्रकारचं अश्लील सांगतो: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगळ सुचवणारं. तिसऱ्याचं त्याचं उदाहरण म्हणजे ‘विनाश’ हा शब्द. कवीला ‘दिसेनाशी झाली’ एवढंच म्हणायचं होतं, पण ऐकणाऱ्याच्या मनात मरण डोकावलं. झालं, अश्लील!

आता माझा लाडका सिद्धान्त. मराठीने या तिसऱ्या अश्लीलाचं नाव टाकलं, भीती मात्र जपली. आपली बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. नारळ ‘वाढवतात’, दुकानही संध्याकाळी ‘वाढवतात’. दिवा विझवत नाहीत, ‘मालवतात’. निघताना ‘जातो’ म्हटलं की आजी दारातून परत बोलावते, ‘येतो म्हण’. हे सगळं अश्लीलता टाळणंच आहे, मम्मटाच्या हिशेबाने. माझ्या एका भाषाप्रेमी मित्राला हे ओढूनताणून आणलेलं वाटतं. वाटो. तोही फोन ठेवताना ‘ठेवतो’च म्हणतो, ‘जातो’ म्हणत नाही.

‘ग्राम्य’ आणि ‘अश्लील’ समानार्थी म्हणून देणाऱ्यांनी तर कहर केला आहे. मम्मटाकडे ग्राम्य हा वेगळाच दोष, आणि त्याचं उदाहरण कुठलं, तर ‘कटि’! त्याच्या कानाला गावंढळ वाटलेला हा शब्द आपल्याकडे विठ्ठलाच्या वर्णनात सोवळं नेसून उभा आहे.

हां, श्रीमंती राहिली. तो प्रयोग इंग्रजीतून जसाच्या तसा उचललेला आहे, म्हणून मी नाक मुरडणार होतो. पण फोड करून बघा: श्री नसलेली श्रीमंती! लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना इतकी नेमकी शिवी साधली असेल, तर चूक कशी म्हणू? मी स्वतः मात्र ‘ओंगळ’ लिहीन. पैशाचं ओंगळ प्रदर्शन म्हटलं की लगेच किळस येते, त्यासाठी ऋग्वेद उघडावा लागत नाही.